काझा येथे प्रथमच जाणाऱ्यांसाठी: मार्ग, उंची आणि मुक्काम यांचे नियोजन

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात, स्पिती नदीच्या काठी सुमारे 3,650 मीटर उंचीवर वसलेले काझा हे स्पिती खोऱ्याचे प्रशासकीय केंद्र आहे. बाजारपेठ, रुग्णालय, बँक, पेट्रोल पंप आणि बसस्थानक या पाचही सोयी एकत्र मिळणारे खोऱ्यातील हे एकमेव गाव असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रवासी येथे थांबतो. मात्र बहुतेक जण एक किंवा दोन रात्री काढून पुढे निघतात आणि नेमके तेच टाळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खोऱ्यातील पाहण्यासारखी बहुतेक ठिकाणे काझ्यापासून एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावर आहेत आणि त्यांतील अनेक काझ्याहूनही पाचशे ते नऊशे मीटर उंच आहेत. काझ्यात चार रात्री राहणाऱ्याला हे सगळे शांतपणे पाहता येते. एका रात्रीत उरकणाऱ्याच्या वाट्याला प्रामुख्याने डोकेदुखी येते. पुढील सर्व सूचनांमागे हा एकच विचार आहे: या प्रवासाचे वेळापत्रक अंतराने नव्हे, तर उंचीने ठरते.

पहिली पायरी: महिना निश्चित करणे

काझ्याला दोन बाजूंनी रस्ता येतो. सिमला, रामपूर, किन्नौर, नाको, ताबो या मार्गाने येणारा रस्ता सुमारे 420 किलोमीटरचा असून तो हिमवर्षाव आणि दरडी यांमुळे होणारे तात्पुरते खंड वगळता वर्षभर सुरू असतो. मनालीकडून येणारा सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता कुंझुम खिंड ओलांडून येतो आणि ही खिंड सुमारे 4,550 मीटर उंच असल्याने हिवाळ्यातील बर्फ काढून झाल्यावरच, साधारणपणे मेअखेर किंवा जूनमध्ये, ती वाहतुकीला खुली होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पहिल्या मोठ्या हिमवर्षावानंतर पुन्हा बंद होते.

आपल्याकडील सुट्ट्यांशी याचा मेळ घालताना थोडे सावध राहावे लागते. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात, जायचे असल्यास कुंझुम बंदच असेल असे गृहीत धरून जाणे-येणे दोन्ही किन्नौरमार्गे आखावे. खिंड लवकर उघडली तर तो लाभ समजावा, पण त्या भरवशावर मनालीहून परतीची तिकिटे काढू नयेत. दिवाळीच्या सुट्टीतही हाच नियम पाळावा, कारण तोपर्यंत रात्रीचे तापमान शून्याखाली गेलेले असते आणि खिंड कोणत्याही दिवशी बंद होऊ शकते. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत फारसा पाऊस पडत नाही, कारण मोसमी वाऱ्यांचे ढग दक्षिणेकडील उंच रांगांनी अडवले जातात. तथापि तेथे पोहोचण्यासाठी ज्या किन्नौरमधून जावे लागते, तेथील सतलजच्या अरुंद घळईत पावसाळ्यात दरडी कोसळतात. 2021 साली जुलैमध्ये सांगला खोऱ्यातील बटसेरी येथे आणि ऑगस्टमध्ये निगुलसरी येथे झालेल्या दुर्घटनांत अनेकांचे प्राण गेले. त्यामुळे काझ्यात ऊन आहे, एवढ्यावर विसंबून पावसाळ्यात निघणे योग्य नव्हे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबर निवडावा. दोन्ही रस्ते खुले असतात, नाल्यांचे पाणी उतरलेले असते आणि हवा स्वच्छ असते. जानेवारी ते मार्च या काळात किब्बर परिसरात हिमबिबट्या पाहण्यासाठी लोक जातात, पण उणे 20 अंशांखाली जाणारे तापमान, गोठलेले नळ आणि अनिश्चित रस्ते हा पहिल्या भेटीचा विषय नाही.

दुसरी पायरी: चढण्याची बाजू निवडणे

या पायरीवर घेतलेला निर्णय पुढच्या सगळ्या दिवसांवर परिणाम करतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. 3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगद्याचे उद्घाटन झाल्यापासून मनालीहून काझ्याला एका दिवसात पोहोचणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. सुमारे नऊ किलोमीटरच्या या बोगद्यामुळे रोहतांग खिंड टळते, परंतु कुंझुम टळत नाही. मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे. तेथून सकाळी निघालेला प्रवासी दुपारी 4,550 मीटरवर आणि रात्री 3,650 मीटरवर असतो. म्हणजे त्याची झोपण्याची उंची एका रात्रीत सोळाशे मीटरने वाढते. उंचीवरील आजार, म्हणजे विरळ हवेमुळे होणारा त्रास, टाळण्यासाठी डॉक्टर सामान्यतः असे सांगतात की, 3,000 मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा. मनालीहून थेट येण्यात हा नियम पूर्णपणे मोडतो.

याउलट किन्नौरकडून येताना भूगोलच आपल्याला मदत करतो. नारकंडा सुमारे 2,700 मीटर, कल्पा सुमारे 2,900 मीटर, ताबो सुमारे 3,280 मीटर आणि त्यानंतर काझा, असे मुक्काम ठेवल्यास प्रत्येक टप्प्यावरील वाढ चारशे मीटरच्या आत राहते. म्हणून किन्नौरकडून चढावे आणि खिंड खुली असल्यास मनालीकडे उतरावे, हाच क्रम नवख्याने स्वीकारावा. यात दोन दिवस अधिक जातात, हे खरे. परंतु मनालीमार्गे वाचवलेले ते दोन दिवस पुष्कळदा काझ्याच्या खोलीत अंथरुणावर जातात.

तिसरी पायरी: चंदीगढ ते काझा

मुंबई-पुण्याहून विमानाने किंवा रेल्वेने चंदीगढ गाठणे सोयीचे पडते. पहिल्या दिवशी सिमला ओलांडून नारकंड्यापर्यंत जावे, कारण सिमल्यातील वाहनांची गर्दी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंगावर घेण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी सतलजच्या काठाने रामपूर आणि रिकाँग पिओवरून कल्प्याला पोहोचावे आणि तेथे दोन रात्री राहावे. कल्प्यातून समोर दिसणारा किन्नर कैलास हे त्यासाठीचे पुरेसे कारण आहेच, पण शरीराला विश्रांती मिळण्याची ही योग्य जागाही आहे. रिकाँग पिओत रोख रक्कम काढून घ्यावी, वाहनाची टाकी भरून घ्यावी आणि औषधांपैकी काही राहिले असल्यास घ्यावे.

चौथ्या दिवशीचा प्रवास मोठा आहे. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते आणि तेथून रस्ता स्पितीच्या काठाने वळणे घेत नाकोकडे चढतो. नाको सुमारे 3,660 मीटरवर, म्हणजे जवळपास काझ्याएवढ्याच उंचीवर आहे. अनेक सहलींत नाकोला मुक्काम ठेवलेला असतो. माझ्या मते तेथे तळ्याकाठी दुपारचे जेवण करून, तासभर फिरून पुढे ताबोला उतरणे अधिक हितकारक आहे. दिवसा उंचावर जाऊन रात्री खाली झोपणे, हीच शरीर सरावण्याची उत्तम रीत आहे. नाकोनंतरचा मलिंग नाल्याजवळचा भाग दगड पडण्यासाठी प्रसिद्ध असल्याने तेथे छायाचित्रासाठी वाहन थांबवू नये.

ताबोचा मठ इ. स. 996 मध्ये स्थापन झाला. बाहेरून मातीच्या साध्या भिंती दिसत असल्या, तरी आतील भित्तिचित्रे आणि मातीच्या मूर्ती यांमुळे त्याला हिमालयातील अजिंठा म्हटले जाते. प्राचीन मंदिरांच्या आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो, म्हणून एक छोटी विजेरी जवळ ठेवावी आणि ती वापरण्यापूर्वी तेथील भिक्षूंना विचारावे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत शांत उभे राहिल्यास भिंतीवरची एकेक आकृती उलगडत जाते. ही जागा अर्ध्या तासात संपवण्याची नाही. ताबोहून काझा अवघे 47 किलोमीटर असल्यामुळे पाचव्या दिवशी सकाळचा वेळ मठाला देऊन, वाटेत स्पितीची जुनी राजधानी असलेल्या धनकरचा कड्यावरील मठ पाहून संध्याकाळपर्यंत काझ्यात येता येते.

स्वतःचे वाहन नसल्यास हिमाचल परिवहनाची बस हा विश्वासार्ह पर्याय आहे. रिकाँग पिओहून काझ्याला बस जाते, परंतु या प्रवासात पूर्ण दिवस जातो आणि जागा आदल्या दिवशी किंवा पहाटे लवकर जाऊन निश्चित करावी लागते. ताबोला उतरून दुसऱ्या दिवशी पुढची बस धरल्यास वर सांगितलेला उंचीचा क्रमही पाळला जातो.

भारतीय नागरिकांना या मार्गावर वेगळ्या परवान्याची आवश्यकता नाही. तपासणी नाक्यावर दाखवण्यासाठी मूळ ओळखपत्र पुरते. सोबत परदेशी नागरिक असल्यास रिकाँग पिओ ते ताबो या सीमावर्ती पट्ट्यासाठी त्यांना आधी परवाना घ्यावा लागतो.

चौथी पायरी: काझ्यातील पहिला दिवस

पोहोचल्यानंतरचा पहिला संपूर्ण दिवस काझ्यातच काढावा. एका नाल्याने गावाचे जुने आणि नवे असे दोन भाग केले आहेत. जुन्या भागात बाजार, बसस्थानक, खानावळी आणि लहान विश्रामगृहे आहेत, तर नव्या भागात सरकारी कार्यालये आणि शाक्य पंथाचा मठ आहे. दोन्ही भाग पायी फिरून होतात आणि चढावर किती लवकर दम लागतो, याचा अंदाज याच फेरफटक्यात येतो.

या दिवशी तीन-चार कामे उरकून घ्यावीत. स्टेट बँकेचे एटीएम गावात आहे, पण त्यात रक्कम संपणे किंवा जोडणी तुटणे ही नित्याची बाब असल्याने निम्म्याहून अधिक खर्चाची रोख रक्कम खालूनच आणावी. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय नेटवर्क असेल तेव्हाच चालते. नेटवर्क काझ्यात बऱ्यापैकी मिळते, आजूबाजूच्या गावांत ते जाते-येते आणि कुंझुमच्या बाजूला बराच काळ अजिबात नसते, म्हणून पुढील दोन दिवसांचा कार्यक्रम घरच्यांना येथूनच कळवावा. पेट्रोल पंप खोऱ्यात मोजकेच असल्याने इंधन येथे भरून घ्यावे. टॅक्सी हवी असल्यास बाजारातील स्थानिक संघटनेकडे ठिकाणानुसार दर विचारावेत आणि तेथेच भेटणाऱ्या इतर प्रवाशांबरोबर भाडे वाटून घ्यावे. ही पद्धत तेथे रूढ आहे आणि चालकांनाही ती मान्य असते.

राहण्यासाठी मोठ्या हॉटेलपेक्षा कुटुंबाने चालवलेले घर निवडावे, अशी माझी शिफारस आहे. थंडीच्या दिवसांत एका खोलीत लाकडाची शेगडी पेटलेली असते (या शेगडीला तेथे तंदूर म्हणतात), तिच्याभोवती सगळे घर जमते आणि पाहुण्यालाही तेथेच जागा मिळते. थुकपा (नूडल्सचे सूप), मोमो आणि टिंगमो (वाफवलेला पाव) हे वाफाळते पदार्थ सर्वत्र मिळतात. डाळभातही मिळतो, त्यामुळे शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. पाणी मर्यादित असते. डोंगरातून आणलेल्या पाण्यावर शेती आणि घरे दोन्ही चालतात, म्हणून रोज बादलीभर गरम पाण्याची मागणी करू नये.

पाचवी पायरी: शरीराकडे लक्ष ठेवणे

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, चक्कर, विलक्षण थकवा आणि झोप न लागणे ही उंचीवरील आजाराची सुरुवातीची लक्षणे आहेत. ती वय किंवा व्यायामाची सवय पाहत नाहीत. रोज धावणाऱ्या तरुणाला त्रास होतो आणि त्याची आई ठणठणीत राहते, असेही घडते. सौम्य लक्षणे असल्यास आणखी वर जाऊ नये, विश्रांती घ्यावी, पाणी आणि सूप घेत राहावे, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. एका दिवसात बरे न वाटल्यास काझ्याच्या सरकारी रुग्णालयात जावे. असेटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी दिले जाते, परंतु ते घ्यायचे की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास, तसेच हृदयविकार, रक्तदाब किंवा गर्भावस्था असल्यास.

बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधून खाली उतरण्याची व्यवस्था करावी लागते. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: काझ्याहून खाली जाणे म्हणजे ताबोच्या दिशेने जाणे होय. मनाली कितीही ओळखीची आणि जवळची वाटली, तरी त्या वाटेवर आधी कुंझुमची नऊशे मीटरची चढण आहे आणि आजारी माणसाला तिकडे नेणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे आहे. प्राणवायूचा डबा तात्पुरता आधार देतो, पण त्यामुळे उतरणे लांबणीवर टाकू नये.

सहावी पायरी: काझ्याभोवतीच्या फेऱ्या

दुसऱ्या दिवशी की मठ आणि किब्बर करावे. काझ्याहून बारा-चौदा किलोमीटरवर, टेकडीच्या उतारावर एकावर एक रचलेल्या खोल्यांचा हा मठ गेलुग पंथाचा असून 2000 साली दलाई लामांच्या उपस्थितीत येथे कालचक्र विधी झाला होता. मठात प्रवेश करताना पादत्राणे काढावीत, प्रार्थना सुरू असल्यास मागे शांत बसावे आणि स्तूप किंवा मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून चालावे. किब्बर सुमारे 4,270 मीटरवर आहे. त्यापुढचा चिचमचा पूल 2017 साली सुरू झाला आणि त्यापूर्वी गावकरी तारेवरच्या पाळण्यातून ती खोल घळ ओलांडत असत.

तिसरा दिवस लांगझा, हिक्किम आणि कोमिक या तीन गावांसाठी ठेवावा. ही गावे 4,400 ते 4,600 मीटरच्या दरम्यान असल्याने ती पहिल्या दिवशी कधीही करू नयेत. लांगझ्याच्या परिसरात टेथिस या प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे खडक आहेत आणि त्यांत अमोनाइट या प्राचीन सागरी जीवांचे जीवाश्म सापडतात. मुले ते विकायला पुढे येतात. ते विकत घेऊ नयेत आणि उचलूही नयेत, कारण प्रत्येक प्रवाशाने एक उचलला, तर काही वर्षांत त्या उतारांवर पाहण्यासारखे काही उरणार नाही. हिक्किमचे टपाल कार्यालय 1983 पासून सुरू आहे आणि तेथून पाठवलेले पत्र उशिरा का होईना, घरी पोहोचते. पत्ता पिनकोडसह आधीच लिहून न्यावा, कारण थंडीने आखडलेल्या बोटांनी तेथे उभ्याने लिहिणे जमत नाही.

काझ्यात पाचवी रात्र काढता येत असेल, तर चौथा दिवस मोकळा ठेवावा किंवा पिन खोऱ्यातील मुद गावाला द्यावा. मुद काझ्याच्या जवळपास उंचीचे असल्याने शरीरावर नवा ताण येत नाही आणि स्पितीच्या रुक्ष उतारांनंतर तेथील हिरवी कुरणे डोळ्यांना निवांत वाटतात.

कपड्यांबाबत थोडक्यात सांगायचे, तर एक जाड कोट घेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन-चार थर घ्यावेत. दुपारच्या उन्हात एक पुरतो आणि सूर्य डोंगराआड जाताच सगळे लागतात. गडद काचांचा चष्मा, टोपी, ओठांसाठी मलम आणि वारंवार भरता येईल अशी पाण्याची बाटली बरोबर असावी. प्लास्टिकचा कचरा परत चंदीगढला घेऊन यावा, कारण तो कुजत नाही आणि त्याची विल्हेवाट लावण्याची साधनेही तेथे तुटपुंजी आहेत.

सातवी पायरी: परतीचा रस्ता

मनालीकडे उतरायचे असल्यास आदल्या संध्याकाळी बसस्थानकावर, पोलीस ठाण्यात किंवा त्या बाजूने आलेल्या चालकांकडे कुंझुमची स्थिती विचारून घ्यावी. पहाटे लवकर निघावे. लोसर हे शेवटचे गाव ओलांडून खिंडीत पोहोचल्यावर तेथील कुंझुम मातेच्या मंदिराला वाहने प्रदक्षिणा घालून पुढे जातात. खिंडीपलीकडून चंद्रतालकडे फाटा जातो. सुमारे 4,250 मीटरवरील हे सरोवर 2005 पासून रामसर यादीत आहे आणि त्याच्या काठावर तंबू टाकण्यास मनाई असल्याने मुक्कामाचे तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात. काझ्यात चार रात्री काढून आलेल्याला तेथे सहसा त्रास होत नाही. मनालीहून थेट येऊन पहिल्याच रात्री तेथे झोपणाऱ्यांची अवस्था मात्र अनेकदा बिकट होते.

बातल ते ग्राम्फू हा टप्पा संपूर्ण प्रवासातील सर्वांत कठीण आहे. रस्ता दगडगोट्यांचा असून त्यावरून नाले वाहतात आणि दिवसा हिमनद्या वितळू लागल्या की त्यांचे पाणी वाढत जाते. सकाळी आठ वाजता सहज ओलांडता येणारा नाला दुपारी तीन वाजता लहान गाडीला अडवू शकतो. म्हणून बातल सकाळीच सोडावे, पाणी वाढलेले दिसल्यास एखादे मोठे वाहन आधी जाऊ द्यावे, आणि ते अडल्यास मागे फिरून बातल किंवा छत्रू येथे रात्र काढावी. हे शक्य व्हावे म्हणून मनालीला पोहोचण्याचा दिवस आणि चंदीगढहून परतीचे विमान किंवा रेल्वे यांच्यात किमान एक पूर्ण मोकळा दिवस ठेवावा, आणि जून किंवा ऑक्टोबरमध्ये जात असल्यास दोन.